पत ठरवावयाची कोणी?

१ फेब्रुवारी २०२५ रोजी संसदेत सादर झालेल्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान व्यावसायिकांसाठी एक घोषणा करण्यात आली. ‘उद्यम’ नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगांना पाच लाख रुपयांपर्यंतच्या मर्यादेचे खास क्रेडिट कार्ड देण्यात येईल आणि पहिल्या वर्षात अशी दहा लाख कार्डे काढली जातील, अशी ती घोषणा होती. त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पथविक्रेत्यांच्या ‘स्वनिधी’ योजनेतील कर्जवाटपास ३१ मार्च २०३० पर्यंत मुदतवाढ दिली आणि ज्या विक्रेत्याने दुसरे कर्ज फेडले असेल त्यास यूपीआयशी जोडलेले रुपे क्रेडिट कार्ड देण्याचे ठरविले. आकडा मोठा असला की कौतुकही मोठे होते. परंतु कार्डे किती निघणार यापेक्षा ती कोणाच्या हाती पडणार, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. घोषणा दिल्लीत होते. पात्रता मात्र बँकेच्या शाखेतील टेबलापाशी ठरते.

क्रेडिट कार्डासारख्या विषयात समाजवादी कार्यकर्त्याने लक्ष घालावे काय, अशी शंका काहींच्या मनात येईल. कार्ड म्हणजे शहरी चैनीचे साधन आणि व्यवसायाचा मालक म्हणजे भांडवलदाराचा धाकटा भाऊ, ही समजूत चळवळीत पुष्कळ काळ नांदली. ती तपासून पाहण्यास सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे पुरेसे आहेत. विट्यात चार यंत्रमाग चालविणारा माणूस कागदोपत्री मालक असतो. रात्रपाळीला मागापुढे उभा असतो तोही तोच. मिरजेत भोपळा कोरून तंबोरा घडविणारा कारागीर स्वतःच दुकानदार असतो आणि स्वतःच मजूर. खानापूर-आटपाडीकडचा तरुण परमुलखात जाऊन सोने-चांदी गाळण्याचे, म्हणजे गलाईचे, दुकान टाकतो तेव्हा भट्टीच्या धगीपुढे बसावे लागते ते त्यालाच. माणदेशातील आठवडे बाजारात पाटी मांडून बसणाऱ्या बाईला तर आपण ‘उद्योजक’ आहोत हे ठाऊकही नसते. स्वतःचे श्रम आणि उसना पैसा यांवर जगणारा हा वर्ग आहे. त्याला मालक म्हणून बाजूला सारणे म्हणजे त्याला सावकाराच्या स्वाधीन करणे होय.

कायद्याने मात्र या वर्गाला फार मोठ्या मंडळींच्या पंगतीस बसविले आहे. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या व्याख्येनुसार अडीच कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेला उद्योग ‘सूक्ष्म’ ठरतो. म्हणजे दहा कोटींची उलाढाल करणारा कारखानदार आणि पाटीभर भाजी विकणारी बाई हे दोघेही एकाच नावाखाली आले. एकाच रांगेत दोघांना उभे केले की खिडकीपाशी प्रथम कोण पोहोचेल, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

बँकेच्या खिडकीपाशी मागितले जाते तरी काय? पॅन, आधार आणि उद्यम प्रमाणपत्र ही झाली सुरुवात. त्यानंतर एक ते तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे, जीएसटीची विवरणे, सहा महिने ते वर्षभराचा बँक खात्याचा उतारा आणि धंद्याच्या जागेचा पुरावा. या सर्वांच्या वर ‘सिबिल’चा आकडा. तो ३०० ते ९०० यांच्या दरम्यान असतो आणि सातशे-साडेसातशेच्या खाली गेला की बहुतेक बँका तोंड फिरवितात. एकल मालकीच्या धंद्यात दुकान आणि दुकानदार यांत कायदा भेद करीत नाही. म्हणून कार्ड धंद्याच्या नावाने निघाले तरी आकडा तपासला जातो तो माणसाचा, आणि थकबाकी झालीच तर जबाबदारी येते तीही त्याच्या घरादारावर. ज्याचा आकडा नाही त्याला एक वाट दाखविली जाते: मुदतठेव ठेवा आणि तिच्यावर कार्ड घ्या. ही वाट निरुपयोगी नाही, तिच्यामुळे आकडा तयार होऊ लागतो. परंतु ज्याच्यापाशी ठेव आहे त्याला त्याचाच पैसा उसना देणे याला पतपुरवठा म्हणावयाचे काय, हा प्रश्न उरतोच.

मराठीत ‘पत’ हा मोठा अर्थवाही शब्द आहे. उधार मिळण्याची योग्यता म्हणजे पत, आणि समाजातील अब्रू म्हणजेही पतच. ज्याच्या शब्दावर चार माणसे विसंबतात तो पतवान, असा त्याचा अर्थ पिढ्यान् पिढ्या रूढ होता. आज पत मोजण्याचे काम पतमाहिती कंपन्यांकडे आहे. २००५ च्या कायद्याने त्यांना अधिष्ठान मिळाले. देशात अशा चार कंपन्या आहेत आणि त्यांतील सर्वांत परिचित अशा ‘सिबिल’ची बहुतांश मालकी एका अमेरिकन कंपनीकडे आहे. या मोजमापातील विसंगती अशी की, ज्याने कधीच कर्ज घेतले नाही त्याच्या नावापुढे चांगला आकडा नसतो, आकडाच नसतो. आयुष्यभर अंथरूण पाहून पाय पसरणारी बाई बँकेच्या दृष्टीने अनोळखी ठरते. याहून मोठा अन्याय पतसंस्थेच्या सभासदांवर होतो. पश्चिम महाराष्ट्रातील लहान व्यापारी वर्षानुवर्षे पतसंस्थेत रोजची पिग्मी भरतो, तेथूनच कर्ज काढतो आणि वेळेवर फेडतो. परंतु पतसंस्था राज्याच्या सहकार कायद्याखाली येतात, रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली नव्हे. त्यामुळे तेथील परतफेडीची नोंद बहुधा पतमाहिती कंपनीपर्यंत पोहोचतच नाही. पंधरा वर्षे चोख व्यवहार केलेला माणूस मोठ्या बँकेत गेला की कोरी पाटी घेऊन उभा राहतो.

पत कोणी ठरवावयाची, हा या भूमीतील जुना झगडा आहे. एके काळी ती सावकाराची वही ठरवीत असे. १८७५ साली दख्खनच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले, त्याची आच तत्कालीन सातारा जिल्ह्यातील कुकरूडपर्यंत पोहोचली होती. १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने याच मुलखात गुंडगिरीबरोबर सावकारीलाही वेसण घातली. स्वातंत्र्यानंतर गोरवाला समितीने १९५१-५२ सालची जी पाहणी केली तीत ग्रामीण कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के आणि व्यापारी बँकांचा ०.९ टक्का आढळला.

कधी कधी पत ठरत असे ती राजाच्या मर्जीने. १९१० साली बेळगावहून बाहेर पडलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या अधिपतींनी दहा हजार रुपयांचे कर्ज आणि कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर पडीक जमीन दिली. तेथेच किर्लोस्करवाडी उभी राहिली. लक्ष्मणरावांच्या अंगी गुण होते यात शंका नाही. परंतु तितकेच गुण असलेल्या ज्या कारागिरांच्या वाट्याला असा जाणता राजा आला नाही, त्यांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत. गुणवंताचे भवितव्य कोणाच्या तरी मर्जीवर सोडणे ही लोकशाहीची रीत नव्हे.

मर्जी आणि वही या दोहोंना पर्याय म्हणून स्थानिक बँका उभ्या राहिल्या. १९१६ साली सांगली बँक निघाली. १९३६ साली साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुले यांच्या पुढाकाराने युनायटेड वेस्टर्न बँक स्थापन झाली. या बँका समाजवादी नव्हत्या. पण गिऱ्हाईक ज्या गावचे, बँकही त्याच गावची होती. सप्टेंबर २००६ मध्ये युनायटेड वेस्टर्नवर निर्बंध आले आणि ऑक्टोबरमध्ये ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. एप्रिल २००७ मध्ये सांगली बँक आयसीआयसीआयमध्ये गेली. वर्षाच्या आत दोन्ही जिल्ह्यांनी आपापल्या घरची बँक गमावली. ठेवीदारांचा पैसा वाचला, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु पेठेतल्या दुकानदाराला त्याच्या वडिलांपासून ओळखणारा अधिकारी गेला आणि त्याच्या जागी दूरच्या शहरात बसलेले गणकयंत्र आले. सहकारी बँकांनी ही पोकळी भरून काढावयास हवी होती. काहींनी तसा प्रयत्न केला. काहींनी संचालकांच्या सोयऱ्याधायऱ्यांचीच सोय पाहिली. डिसेंबर २०२० मध्ये कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रद्द झाला, तेव्हा ‘सहकार’ या शब्दावरील सामान्यांचा विश्वास आणखी एका पायरीने खाली आला. पत देण्याचा अधिकार स्थानिक असावा असा आग्रह धरणाऱ्यांनी, स्थानिक असणे आणि स्वच्छ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

या साऱ्या इतिहासात मार्ग दाखविणारे एक उदाहरण माण तालुक्यातील म्हसवडचे आहे. जयप्रकाशांच्या आंदोलनातून घडलेल्या चेतना गाला सिन्हा तेथे स्थायिक झाल्या. लोहारकाम करणाऱ्या एका बाईला छपरासाठी प्लॅस्टिकचा कागद घ्यावयाचा होता आणि त्यासाठी ती रोज थोडे थोडे पैसे साठवू पाहत होती. इतक्या क्षुल्लक रकमेचे खाते उघडावयास बँका तयार नव्हत्या. त्यातून बायकांनी स्वतःचीच बँक काढण्याचा विचार पुढे आला. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. कारण प्रवर्तक स्त्रियांपैकी अनेकींना लिहितावाचता येत नव्हते. बायका रडत घरी बसल्या नाहीत. त्यांनी साक्षरतेचे वर्ग सुरू केले, अक्षरे गिरविली आणि काही महिन्यांनी त्या पुन्हा रिझर्व्ह बँकेच्या दारी गेल्या. आम्हांला लिहिता येत नव्हते हा आमचा दोष नाही, परंतु मुद्दल सांगा, व्याज तोंडी काढून दाखवितो; तुमच्या अधिकाऱ्यांनाही ते करू द्या आणि कोण आधी सांगते ते पाहा, अशा आशयाचे आव्हान त्यांनी दिले. परवाना मिळाला आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

या घटनेचे महत्त्व केवळ स्फूर्तिदायक नाही. पात्रतेची अट ‘सही करता येणे’ ही होती. पात्रतेचा गाभा ‘हिशेब कळणे’ हा होता. अट आणि गाभा यांत अंतर पडले की लायक माणूस बाहेर राहतो आणि कागद पुरविणारा आत जातो. आज सहीची जागा सिबिलच्या आकड्याने घेतली आहे, इतकेच. म्हसवडच्या बायकांनी अट नाकारली नाही. ती पूर्ण केली आणि त्याच वेळी तिचा अपुरेपणाही उघड केला. हे काम एकेकटीला जमले नसते. संघटना होती म्हणून ते जमले.

अन्य देशांतही हेच घडले आहे. अमेरिकेत विवाहित स्त्रीने कार्डासाठी अर्ज केला तर अनेक ठिकाणी पतीची सही मागितली जात असे. स्त्री-चळवळीच्या रेट्यामुळे १९७४ साली कायदा झाला आणि पतपुरवठ्यात लिंग वा वैवाहिक स्थिती पाहून भेद करण्यास बंदी आली. तरीही धंद्यासाठी कर्ज मागणाऱ्या स्त्रीकडून पुरुष नातेवाइकाची सही घेण्याची काही राज्यांतील प्रथा बंद होण्यास १९८८ साल उजाडावे लागले. भांडवलशाहीच्या माहेरघरीही पतीचा प्रश्न बाजाराने सोडविला नाही. कायद्याने आणि लोकांच्या दडपणाने सुटला.

कार्ड मिळाले म्हणजे कल्याण झाले, असेही मानण्याचे कारण नाही. कार्ड हे भांडवल नव्हे. पंचेचाळीस-पन्नास दिवसांची ती उधारी आहे. माल उचलला, विकला आणि देय तारखेच्या आत संपूर्ण बिल भरले, तर व्याज पडत नाही. ज्याचा पैसा महिन्याभरात फिरतो त्या व्यापाऱ्यास ही सोय मोलाची आहे. परंतु तारीख चुकली, किंवा ‘किमान रक्कम’ भरून वेळ मारून नेली, की दरमहा साडेतीन टक्क्यांच्या घरात व्याज लागते, आणि रोख रक्कम काढली तर पहिल्याच दिवसापासून. पन्नास हजारांच्या थकबाकीवर हे व्याज महिन्याला १,७५० रुपये आणि त्यावर अठरा टक्के जीएसटीचे ३१५ रुपये होते. मुद्दलास हात न लावता वर्षभर एवढेच भरावयाचे म्हटले तरी २४,७८० रुपये होतात, म्हणजे जवळजवळ निम्मे मुद्दल. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याखाली परवानाधारक सावकारास बिगरशेतकऱ्याच्या विनातारण कर्जावर वर्षाला अठरा टक्क्यांहून अधिक व्याज घेता येत नाही, असे ठरविण्यात आले. त्या दराने हेच व्याज नऊ हजार रुपये होईल. महिन्याला दहा टक्के उकळणारा बेकायदा सावकार कार्डाहून भयंकर आहे, हे खरे. पण ज्या दराने व्याज घेणारा परवानाधारक सावकार गुन्हेगार ठरतो, त्याच्या दुपटीहून अधिक दराने व्याज घेणारी बँक प्रतिष्ठित राहते, याला काय म्हणावे? राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली कार्डावरील व्याजास तीस टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला; हा विषय रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतील आहे, असे त्याचे कारण होते. तेव्हा मर्यादा घालण्याची जबाबदारी आता रिझर्व्ह बँकेने आणि संसदेने टाळता कामा नये.

या परिस्थितीत पक्षाच्या मागण्या नेमक्या असाव्यात. सूक्ष्म उद्योगांच्या कार्डांपैकी निश्चित हिस्सा खऱ्या अर्थाने लहान असलेल्यांसाठी, आणि त्यातही स्त्रियांसाठी, राखून ठेवावा. पतसंस्थेतील परतफेड, पिग्मीची नियमितता आणि बचतगटाचा हिशेब हे पतीचे पुरावे म्हणून ग्राह्य धरावेत. कार्ड काढण्यासाठी सहकारी बँकांना शंभर कोटींच्या नक्त मूल्यासारख्या अटी आहेत. गावोगावच्या लहान पण स्वच्छ सहकारी बँकांना मोठ्या बँकांच्या जोडीने हे काम करण्याचा मार्ग खुला करावा. कार्डावरील व्याजास कायद्याची कमाल मर्यादा असावी. ‘स्वनिधी’ मुळात शहरांसाठी निघाली. २०२५ मध्ये तिचा विस्तार शहरालगतच्या भागांपर्यंत करण्याचे ठरले. तो आठवडे बाजाराच्या गावांपर्यंत न्यावा.

परंतु मागणीपत्र देऊन घरी परतणे हे कार्यकर्त्याचे काम नव्हे. काही हक्क आजही कागदावर आहेत आणि कोणी मागत नाही म्हणून ते कागदावरच आहेत. कार्डाचा अर्ज फेटाळल्यास त्याचे नेमके कारण लेखी कळविण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत घातले. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पूर्वीचा कर्ज-इतिहास नाही म्हणून फेटाळू नये, ही रिझर्व्ह बँकेची सूचना केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत पुन्हा स्पष्ट केली. पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. त्यातील चूक दाखवून दिल्यावर तीस दिवसांत दुरुस्त न झाल्यास दर दिवसास शंभर रुपये भरपाई देण्याचा नियम २०२३ साली करण्यात आला. उद्यम नोंदणीस एक पैसाही लागत नाही. ज्यांना पॅन किंवा जीएसटी नाही अशांसाठी २०२३ पासून ‘उद्यम असिस्ट’ची सोय आहे. असे असता नोंदणीच्या नावाखाली गरिबांकडून शेकडो रुपये उकळणारे दलाल सर्वत्र आहेत. बाजाराच्या दिवशी एक टेबल मांडून विनामूल्य नोंदणी करून देणे, अहवाल काढून त्याचा अर्थ मराठीत समजावून सांगणे, नाकारलेल्या अर्जाचे लेखी कारण मागणे आणि कार्डाचे बिल संपूर्ण भरण्याचे महत्त्व पटविणे, एवढे काम प्रत्येक तालुक्यात चार कार्यकर्त्यांना करता येण्याजोगे आहे. त्यातून जमलेली माहिती घेऊन साताऱ्यात बँक ऑफ महाराष्ट्र आणि सांगलीत बँक ऑफ इंडिया या अग्रणी बँकांना व जिल्हाधिकाऱ्यांना जाब विचारावा: तालुकावार किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती नाकारले गेले आणि त्यांत स्त्रिया किती?

१९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा, बँक ही समाजाची मालमत्ता आहे, हे तत्त्व देशाने मान्य केले. मालकी समाजाची झाली. पत ठरविण्याचा अधिकार मात्र समाजाच्या हाती कधी आला नाही. तो आधी वहीत होता, आज यंत्रात आहे. अंगठा उठविणाऱ्या बायकांनी रिझर्व्ह बँकेच्या दारात उभे राहून तोंडी व्याज काढण्याची तयारी दाखविली, त्याच जिल्ह्यात आकड्याअभावी कोणाची पाटी रिकामी राहत असेल, तर तिच्या वतीने दुसऱ्यांदा त्या दारी जाण्याची जबाबदारी संघटनेची आहे. पहिल्या नकाराने परत फिरणे म्हसवडने शिकविलेले नाही.